कानांवाचून आलेले पाहुणे

नाताळच्या सुट्टीत सहकुटुंब दक्षिणेकडे जाण्याची चाल आपल्या मध्यमवर्गात आता चांगलीच रुळली आहे, आणि तीत चेन्नई, म्हणजे आमच्या पिढीचे मद्रास, हे एक ठिकाण असतेच. या चालीविरुद्ध आमचे काही म्हणणे नाही. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंतचा मार्गळी महिना, म्हणजे आपला धनुर्मास, हा त्या शहराचा वर्षातील सर्वांत प्रसन्न काळ होय. आमची तक्रार आहे ती तेथे जाऊन आपली माणसे काय करतात याविषयी. मागे एका हिवाळ्यात एका प्रवासी कंपनीच्या तांड्याबरोबर आम्ही सपत्नीक गेलो होतो. छापील कार्यक्रमपत्रिकेत तिसऱ्या दिवसाची नोंद अशी होती: सकाळी महाबलीपुरम, दुपारी रेशमी साड्यांची खरेदी, सायंकाळी कर्नाटक संगीत, एक तास.

एक तास! ज्या शहरात त्या महिन्यात सकाळपासून रात्रीपर्यंत, एकाच वेळी अनेक सभागृहांतून गाणे चालू असते, तेथे त्या गाण्यास साड्यांच्या खालोखाल एक तास!

हा उत्सव कसा उभा राहिला ते ठाऊक असते तर कदाचित एवढी कंजुषी झाली नसती. १९२७ च्या डिसेंबरात मद्रासला राष्ट्रसभेचे अधिवेशन भरले. त्याच्या जोडीने संगीत परिषद भरली, आणि तिच्यातून पुढच्याच वर्षी म्युझिक अकॅडमी ही संस्था जन्मास आली. १९४३ साली तमिळ इसै संघम् निघाला तो या वादातून की मैफलींत तेलुगू आणि संस्कृत कृतींचीच सद्दी का, तमिळ भाषेने दारात का उभे राहावे? म्हणजे हा उत्सव केवळ करमणुकीचा बाजार कधीच नव्हता. तो भांडणांचा, विचारांचा आणि विद्वत्तेचाही आखाडा होता व आजही आहे. अकॅडमीत सकाळी सप्रयोग व्याख्याने होतात, त्यांत एखाद्या रागाच्या एका गमकावरून पांढऱ्या केसांची माणसे हमरीतुमरीवर आलेली दिसतात. याच परंपरेमुळे २०१७ साली युनेस्कोने चेन्नईची गणना संगीताच्या सर्जनशील शहरांत केली. पहाटे मैलापुरात कपालीश्वराच्या देवळाभोवतीच्या चार माडवीथींतून भजनी मंडळ्या फिरतात. पापनाशम् शिवन् यांच्यासारखा वाग्गेयकार वर्षानुवर्षे या पहाटफेरीच्या अग्रभागी चालत असे. दारोदारी रांगोळ्या घातलेल्या असतात. आमच्या तांड्यातील एकाही गृहस्थाने ती पहाट पाहिली नाही, कारण न्याहरी साडेआठास होती.

मग आमच्या लोकांनी पाहिले काय? तर सभांची उपाहारगृहे. ही उपाहारगृहे सुंदर असतात हे आम्ही मोकळेपणाने कबूल करतो. तेथील तुपातला दोसा आणि काफी यांस नावे ठेवणारा माणूस अरसिकच म्हणावा लागेल. पण तेथे बसून आमचे एक सहप्रवासी, पेशाने वकील, मोठ्या अभिमानाने शेजारच्या तमिळ कुटुंबास सांगत होते की सांबार हा पदार्थ आमच्या संभाजीराजांच्या नावाने तंजावरच्या मराठी राजवाड्यात निघाला. या कथेस विश्वसनीय पुरावा नाही. परंतु जिला पुरावा आहे ती गोष्ट त्या वकिलांस ठाऊक नव्हती, आणि ती चुलीवर शिजणारी नसल्यामुळेच ठाऊक नव्हती अशी आम्हांस दाट शंका आहे.

ती गोष्ट अशी. तंजावरास सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १८५५ पर्यंत मराठी राजघराणे नांदले. शहाजीराजांनी तेलुगूत संगीतनाटक रचले, तुळजाराजांनी ‘संगीतसारामृत’ हा शास्त्रग्रंथ लिहिला, आणि दुसऱ्या सरफोजीच्या काळात त्यागराज तेथून जवळच तिरुवैयारू येथे आपल्या कृती रचीत होते. एकोणिसाव्या शतकात मोरगावकरबुवांसारखे कीर्तनकार आपल्या मुलुखातून तंजावरास गेले. त्यांची कीर्तने ऐकून तंजावूर कृष्ण भागवतर यांनी तमिळ देशातील हरिकथेस नवे रूप दिले. त्या हरिकथेत आजही साकी, दिंडी, ओवी आणि अभंग ही नावे जशीच्या तशी आहेत. अरुणा साईराम यांच्या मैफलीत अखेरीस अभंग आला की तमिळ श्रोते टाळ्यांनी ताल धरतात. आपले कीर्तन तेथे घर करून राहिले आहे. आपण मात्र त्याच्या दारावरून जातो आणि सांबाराची वाटी दुसऱ्यांदा मागतो.

पण हा अभिमानाचा प्रश्न एक वेळ बाजूस ठेवू. खरी हानी दुसरीच आहे. सभांच्या दिवसाची रचना अशी की दुपारच्या मैफली बहुधा विनामूल्य असतात व तेथे होतकरू मंडळी गातात; सायंकाळी तिकीट लावून नामवंत गातात. तांडा साड्यांच्या दुकानात शिरला त्या दुपारी आम्ही एका सभागृहात जाऊन बसलो. व्यासपीठावर विशीतली एक मुलगी, शेजारी तिच्याच वयाचा व्हायोलिनवादक, आणि मृदंगावर एक पोरसवदा तरुण. समोर आम्ही धरून चौदा माणसे. त्यांतील दोघे मुलीचे आईवडील असावेत, कारण ते श्वास रोखून बसले होते. तिने तोडीचे आलापन केले. ते निर्दोष नव्हते. मध्ये एकदा ती घसरली, तिने ओठ चावला आणि पुन्हा त्याच जागेवर येऊन ती जागा जिंकली. अशा मुलीस मानधन मिळते ते बहुधा नाममात्र. तिला हवे असतात ते कान. उपाहारगृहात त्या वेळी बसावयास जागा नव्हती! मागच्या रांगेत दहा परके पाहुणे येऊन बसले असते, तर त्या मुलीच्या घरी पुढची दहा वर्षे या विद्येत घालवावी की नाही याचा विचार जरा निराळ्या स्वरात झाला असता, एवढे आम्हांस कळते. आमचा जन्म मुलांस शिकविण्यात गेला आहे.

येथे आमचाही एक अपराध सांगून टाकला पाहिजे. मुख्य कृती संपली की मृदंग, आणि असल्यास घटम् वा खंजिरी, यांचे स्वतंत्र वादन होते. त्यास तनि आवर्तनम् म्हणतात. ते सुरू होताच अर्धे सभागृह उठून काफीकडे चालू लागते, ही त्या शहराची जुनी खोड आहे. पहिल्या खेपेस आम्हीही उठलो होतो. दारात एका वृद्ध तमिळ गृहस्थांनी आम्हांस हाताने थांबविले आणि इंग्रजीत एवढेच विचारले, “तुम्ही पाहुणे दिसता, तुम्हांस घाई कसली?” आम्ही परत येऊन बसलो.

आमच्या या म्हणण्यावर तांड्यात दोन आक्षेप निघाले. भाषा कळत नाही, हा पहिला. जणू आपल्या ख्यालांतील व्रजभाषा आपणांस अक्षरशः कळते! गाणे द्रुत आणि परके वाटते, हा दुसरा. तर ज्यास भूप ओळखता येतो त्याने मोहनम् ऐकावा, मालकंसाच्या चाहत्याने हिंदोळम् ऐकावा. पहिली दहा मिनिटे परकेपण वाटेल, मग ओळखीचा चेहरा अनोळखी पेहरावात दिसल्याप्रमाणे मौज वाटू लागेल. ज्या हंसध्वनीवर आपण डोलतो तो दक्षिणेचाच, मुंबईच्या भेंडीबाजार घराण्याच्या अमान अली खाँनी तो आपल्याकडे लोकप्रिय केला. मुले कंटाळतात, असाही एक सूर निघाला. परंतु साड्यांच्या दुकानात ती तीन तास कशी टिकली याचा खुलासा कोणी केला नाही.

प्रवासी कसा असावा याचे उदाहरण शोधावयास आपणांस दूर जावे लागत नाही. अठराव्या शतकातील चार्ल्स बर्नी हा इंग्रज १७७० साली केवळ संगीत ऐकावयास फ्रान्स-इटलीत हिंडला, हे आम्ही वर्गात कौतुकाने सांगतो. पण वाळकेश्वरचे वकील विष्णु नारायण भातखंडे १९०४ साली दक्षिणेत गेले ते प्रश्नांची यादी घेऊन गेले. मद्रासेस ते पंडितांशी वाद घालीत बसले, एट्टयपुरम् येथे सुब्बराम दीक्षितांस भेटले, व्यंकटमखीचा ग्रंथ पदरात पाडून घेतला, आणि दैनंदिनी लिहिली ती मराठीत. आपल्या दहा थाटांच्या पाठीमागे ती यात्रा उभी आहे. मिरजेचे अब्दुल करीम खाँ वारंवार तिकडे जात, त्यागराजांची खरहरप्रियातील कृती त्यांनी शिकून ध्वनिमुद्रित केली, आणि १९३७ साली मद्रासहून पाँडिचेरीस जाताना सिंगपेरुमाळ कोईल या स्थानकावर त्यांनी देह ठेवला. भातखंड्यांस तेथील अनेक गायक आवडले नाहीत आणि त्यांनी तसे स्पष्ट लिहिले. तेही चालेल. न आवडण्यासाठीही आधी ऐकावे लागते.

त्या तिसऱ्या दिवशी सायंकाळचा ‘एक तास’ सुरू होण्यापूर्वी साड्यांमुळे तांड्यास उशीर झाला, म्हणून तो चाळीस मिनिटांवर आला. तनि आवर्तनम् लागताच कंपनीच्या व्यवस्थापकाने दारातून हात हलविला आणि आपली माणसे पिशव्या सांभाळीत रांगेने उठली. आम्ही दोघे बसून राहिलो. परतीचे रिक्षाभाडे पदरचे भरावे लागले. पुढील हंगामासाठी आम्ही कंपनीस पत्र लिहून दुपारच्या दोन मैफली आणि मैलापूरची एक पहाट मागितली आहे, आणि त्याबदली महाबलीपुरम सोडावयास तयार आहो असे कळविले आहे. उत्तर अद्याप आलेले नाही.