पडलेले हेलिकॉप्टर पुन्हा उडवण्याआधी

रिमोटवर उडणारे हेलिकॉप्टर एकदा तरी आपटतेच. मोडलेले दिसणारे भाग आपण बदलतो आणि काम झाले असे समजतो. खरी अडचण त्यानंतर सुरू होते.

गेल्या महिन्यात आमच्याकडेही तेच झाले. थोरल्याचे हेलिकॉप्टर मैदानात आपटले. पाती तुटली, शेपटीची नळी वाकली. दोन्ही नवी घालून असरच्या नमाजनंतर आम्ही ते उडवून पाहिले. सगळे यंत्र थरथरत होते, शेपूट डावी-उजवीकडे सारखी हलत होती. थोरला रिमोटवरची ट्रिमची बटणे दाबून ते सावरू लागला. धाकटी चार पावलांवर उभी होती. आम्ही ते लगेच खाली उतरवायला लावले.

एक हिशोब लक्षात ठेवावा. 70 सेंटिमीटर व्यासाचा पंखा मिनिटाला 2800 फेऱ्या घेतो, तेव्हा पात्याच्या टोकाचा वेग ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या वर जातो. असे पाते सुटले तर ते खेळणे उरत नाही. ट्रिमने वाकलेला दांडा सरळ होत नाही, दोष फक्त झाकला जातो.

घरी आल्यावर पहिले काम म्हणजे मोटरच्या तारा काढणे. तपासताना पंखा चुकूनही फिरता कामा नये. बॅटरी फुगली किंवा चेपली असेल तर ती पुन्हा चार्ज करू नये.

मग एकेक भाग पाहावा. पंख्याचा मुख्य दांडा आणि दोन्ही पाती धरणारा आडवा दांडा बाहेर काढून काचेवर लोळवावा. खालून उजेड लुकलुकला की दांडा वाकला आहे. आमचा दोष इथेच सापडला. आडवा दांडा डोळ्यांना सरळ दिसला, म्हणून आम्ही जुनाच ठेवला होता.

सर्व्होचा हात सावकाश इकडून तिकडे फिरवावा. मध्येच अडकला किंवा घसरला तर आतल्या गिअरचा दात तुटला असण्याची शक्यता आहे. शेपटीचा बेल्ट सैल नाही ना आणि त्याचा पीळ योग्य दिशेने आहे ना, हे पाहावे. पीळ उलटा पडला तर शेपटीचा पंखा उलटा फिरतो. जायरो घट्ट चिकटलेला हवा. तारा काढलेल्या असतानाच बॅटरी जोडून नाक हाताने एका बाजूला वळवावे. शेपटीची पाती त्या वळण्याला रोखण्याच्या दिशेने हलली पाहिजेत. उलटी हलली तर यंत्र जमीन सोडताच भोवऱ्यासारखे फिरेल.

आडवा दांडा बदलल्यावर थरथर गेली आणि शेपटीचे हलणेही बरेच कमी झाले, कारण थरथरीमुळे जायरोही गोंधळतो. उरलेली जलद हालचाल जायरोचा गेन थोडा कमी केल्यावर थांबली. शेवटी दोन्ही पात्यांच्या टोकांना वेगवेगळ्या रंगांची पट्टी लावून आठ-दहा मीटरवरून पाहिले. एक रंग वर दिसत होता. यंत्र बंद करून त्या पात्याची जोडदांडी अर्धा आटा फिरवली, तेव्हा दोन्ही रंग एका रेषेत आले.

एका वेळी एकच बदल करावा आणि तो वहीत लिहावा. चार गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला हे कळत नाही.

थोरल्याला वाटले, आम्ही त्याचे आठ दिवस वाया घालवले. उंट आधी बांधावा आणि मग तवक्कुल करावे, ही शिकवण त्याला मदरशात मिळालेली आहेच. तिचा अर्थ काचेवर डुगडुगणाऱ्या त्या दांड्याने त्याला दाखवला. आता तो उडवण्याआधी स्वतःच धाकटीला दूर उभी करतो.