दोन्ही हवेत, पण कोणतं काम कुणाचं ते ठरवून

बुलडाणा जिल्ह्यातल्या पतसंस्था, बाजार समित्या, महाविद्यालयं, रुग्णालयं यांच्या संगणकांचा विषय निघाला की दोन मतं हमखास ऐकू येतात. एक म्हणतं, आतली खोली, तिथला एसी आणि सर्व्हर यांचा जमाना गेला, सगळं क्लाउडवर टाका आणि मोकळे व्हा. दुसरं म्हणतं, आपला सर्व्हर आपल्या डोळ्यांसमोर असलेलाच बरा, परक्याच्या हाती कारभार कशाला? दोन्ही मतं मांडणारी माणसं प्रामाणिक आहेत आणि दोघांच्याही पाठीशी अनुभव आहे. तरीही दोन्ही मतं चुकीची आहेत, असं मी स्पष्ट म्हणतो. तेरा तालुक्यांत पसरलेल्या या जिल्ह्यात कार्यालयातली साधनं आणि क्लाउडवरची साधनं एकत्रच वापरावी लागतील. पण त्याआधी काही अटी पूर्ण कराव्या लागतात, आणि त्यांच्याकडे कुणाचंच लक्ष नाही.

आधी क्लाउडवाल्यांचं म्हणणं. त्यात तथ्य मोठं आहे. मुख्य कार्यालय बुलडाण्याला आणि शाखा संग्रामपूरला किंवा जळगाव जामोदला असेल, तर एका संगणकाचा बिघाड बघायला माणूस पाठवायचा म्हणजे त्याचा दिवस गेला. कार्यालयातल्या सर्व्हरला फक्त त्याच्या नेटवर्कमध्ये आलेला संगणक दिसतो. वसुली अधिकाऱ्याचा लॅपटॉप महिनोन्‌महिने मुख्य कार्यालयात येत नाही, म्हणजे तेवढे महिने त्याची दुरुस्ती नाही, तपासणी नाही. मायक्रोसॉफ्टच्या इंट्यूनसारखं संगणक सांभाळणारं क्लाउडवरचं साधन त्याला इंटरनेट मिळेल तिथे गाठतं. राज्य सरकारनेही 2018 च्या जानेवारीतच सार्वजनिक क्लाउड वापरण्याचं धोरण जाहीर केलं. त्यामुळे क्लाउड म्हणजे नसती उठाठेव, असं आता कुणी म्हणू नये.

मात्र ‘मोकळे व्हा’ या दोन शब्दांना माझा विरोध आहे. 31 जुलै 2024 रोजी काय झालं ते आठवा. सहकारी आणि ग्रामीण बँकांना संगणक सेवा पुरवणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीजच्या यंत्रणेवर खंडणीखोर व्हायरसचा हल्ला झाल्याचं समोर आलं, आणि राष्ट्रीय पेमेंट महामंडळाने त्या कंपनीला आपल्या जाळ्यापासून तोडलं. देशातल्या सुमारे तीनशे लहान बँकांचे ग्राहक यूपीआय आणि एटीएमच्या व्यवहारांना मुकले. दुसऱ्या दिवशी सेवा पूर्ववत झाली. तोडण्याचा निर्णय योग्यच होता, त्यामुळे बाकीचं जाळं वाचलं. पण काम दुसऱ्याकडे सोपवलं की जबाबदारीही गेली असं समजणाऱ्यांना त्या दिवशी काउंटरवर ग्राहकांना तोंड द्यावं लागलं.

त्याच महिन्यात, 19 जुलैला, क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीचं एक सदोष अपडेट जगभर गेलं आणि सुमारे 85 लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले. आपल्याकडच्या विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून दिले गेले. हा हल्ला नव्हता. दूरवरून आपोआप आलेल्या दुरुस्तीनेच यंत्र बंद पाडलं होतं. शिवाय बहुतेक ठिकाणी त्यावरचा इलाज दूरवरून करता येईना. माणसाला त्या संगणकासमोर बसून तो सेफ मोडमध्ये सुरू करावा लागला आणि एक फाइल पुसावी लागली. ज्या संगणकाची डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद होती, त्याची 48 आकडी रिकव्हरी की आधी शोधावी लागली. काही संस्थांच्या त्या किल्ल्या ज्या सर्व्हरवर होत्या, तो सर्व्हरच बंद पडला होता. उद्या हीच वेळ मलकापूरच्या शाखेवर आली, तर ती 48 आकडी किल्ली कुणाकडे मिळेल? हा प्रश्न क्लाउडवाल्याला विचारा आणि सर्व्हरवाल्यालाही विचारा. दोन ठिकाणी ठेवलेली किल्लीच अशा वेळी उपयोगी पडते, आणि माझ्या म्हणण्याचा गाभा इथेच आहे.

आता सर्व्हरवाल्यांकडे वळतो. पावसाळ्यात लाइन तुटते, रस्त्याच्या कामात फायबर खणला जातो, वीज जाते. अशा वेळी शाखेतल्या फायली आणि प्रिंटर चालू राहिले पाहिजेत, हा त्यांचा आग्रह मला शंभर टक्के मान्य आहे. दहा संगणकांनी एकाच ब्रॉडबँडवरून तेच अपडेट दहा वेळा ओढायचं, हाही शुद्ध अपव्यय आहे. ते एकदा आत यावं आणि आतल्या आत वाटलं जावं. पण ‘आपल्या डोळ्यांसमोर आहे म्हणून सुरक्षित आहे’ ही समजूत मात्र धोक्याची आहे. संगणकांना अपडेट वाटण्यासाठी कार्यालयात जो सर्व्हर ठेवतात, त्याच्या डब्ल्यूसस या सेवेतच 2025 च्या ऑक्टोबरमध्ये गंभीर भोक सापडलं. मायक्रोसॉफ्टला नेहमीच्या वेळापत्रकाबाहेर तातडीची दुरुस्ती काढावी लागली आणि हल्लेखोरांनी त्या भोकाचा वापरही केला. म्हणजे इतरांची डागडुजी करणारा सर्व्हरच आत शिरण्याची वाट ठरला. ज्या संस्थेत त्या सर्व्हरकडे वर्षभर कुणी फिरकत नाही, तिथे तो राखणदारही नव्हे आणि साठवणही नव्हे, नुसती जोखीम आहे.

एक तिसरा आक्षेपही वारंवार ऐकतो : हे सगळं मोठ्यांचं, पंधरा संगणकांच्या संस्थेला काय करायचंय? यातलं अर्धं बरोबर आहे. मायक्रोसॉफ्टचं कॉन्फिगरेशन मॅनेजर चालवायला सर्व्हर, डेटाबेस आणि ते जाणणारा माणूस लागतो. पंधरा संगणकांसाठी तो डोलारा उभा करणं शहाणपणाचं नाही, हे मी कोणत्याही विक्रेत्याच्या तोंडावर सांगेन. तिथे क्लाउडवरून व्यवस्थापन, शाखेत अपडेट आपसात वाटण्याची सोय आणि कामाच्या फायलींची रोजची स्थानिक प्रत, एवढं पुरेसं आहे. पण ‘काहीच नको’ हा त्याचा अर्थ होत नाही. आणि ज्यांच्या शाखा अनेक तालुक्यांत, अनेक जिल्ह्यांत आहेत त्यांना तर ही पळवाट मुळीच नाही. 1986 साली बुलडाण्यातच सुरू झालेली बुलडाणा अर्बन ही पतसंस्था आज कित्येक राज्यांत शाखा चालवते. पसारा मोठा होऊ शकतो हे या जिल्ह्याला कुणी शिकवायला नको.

मग एकत्र वापरायचं म्हणजे नेमकं काय? कॉन्फिगरेशन मॅनेजर आणि इंट्यून एकाच संगणकावर चालवण्याची सोय मायक्रोसॉफ्टने 2017 मध्ये आणली. तिला को-मॅनेजमेंट म्हणतात. त्यात कामांचे गट पाडलेले आहेत. नियमपालनाची तपासणी, विंडोजचे अपडेट, संरक्षण, संगणकाची मांडणी, ऑफिसची ॲप्स, इतर ॲप्स वगैरे. प्रत्येक गटासमोर एक सरकपट्टी असते आणि तिच्या तीन जागा : जुन्या सर्व्हरकडे, चाचणीपुरतं इंट्यूनकडे, किंवा पूर्ण इंट्यूनकडे. मला ही रचना अतिशय आवडते, कारण ती संस्थेला निर्णय घ्यायला भाग पाडते. अपडेट कोण देणार? एकच उत्तर द्यावं लागतं. हा निर्णय टाळून दोन्ही साधनं नुसती बसवली, तर जुनी पॉलिसी सांगते अपडेट आतल्या सर्व्हरकडून घे आणि नवी सांगते बाहेरून घे. मध्येच लटकलेला संगणक कुठूनच घेत नाही आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही. दोन साधनांवर भरवसा ठेवला तर बेफिकिरी वाढते, हा एकत्र वापराच्या विरोधकांचा आक्षेप इथे खरा ठरतो. पण तो लागू पडतो न ठरवता केलेल्या कामाला. ठरवून केलेल्या वाटणीला तो चिकटत नाही.

आता अटींकडे येऊ. परवाने लागतात : इंट्यूनचा, आणि संगणकांची आपोआप नोंदणी व्हायची असेल तर एन्ट्रा आयडी या मायक्रोसॉफ्टच्या खाते-सेवेचा पी-वन. संगणकावर विंडोजची प्रो किंवा त्यावरची आवृत्ती लागते. होम आवृत्ती कार्यालयाच्या डोमेनमध्ये येतच नाही, आणि स्वस्तात पडले म्हणून घेतलेल्या कितीतरी लॅपटॉपवर नेमकी होमच असते. विंडोज 10 चा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षा चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. म्हणून कोणता संगणक टिकणार आणि कोणता बदलायचा हे आधी कळायला हवं. ते कळण्यासाठी यादी हवी. आज ती यादी म्हणजे डेडस्टॉक रजिस्टर, आणि त्यात खुर्च्या-टेबलांच्या खाली एक ओळ असते : ‘संगणक संच’, पुढे नग. अनुक्रमांक नाही, प्रोसेसर नाही, कुणाच्या टेबलावर आहे ते नाही. त्या रजिस्टरवर कोणतंही साधन उभं राहू शकत नाही.

आणखी एक अट आहे. तिच्याबद्दल कुणी बोलत नाही आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. ती म्हणजे घड्याळ. तालुक्याच्या एका शाखेत मी एक संगणक पाहिला. सकाळी मेन स्विच चालू केला की पडद्याच्या कोपऱ्यात कित्येक वर्षांपूर्वीची तारीख यायची. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला होता. बाजारात तो पन्नासेक रुपयांत मिळतो. ऑपरेटर रोज सकाळी तारीख हाताने दुरुस्त करायची, आणि गर्दीत विसरली की ब्राउझर प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाला ‘खात्रीचं नाही’ म्हणायचा. फरक एवढा मोठा असला की विंडोज अनेकदा आपणहून घड्याळ जुळवत नाही. अशा संगणकाचं क्लाउडशी बोलणं फसतं, कारण प्रमाणपत्राची मुदत त्याला जुळत नाही. आणि कार्यालयातल्या डोमेन सर्व्हरशीही जमत नाही, कारण तिथे मूळ सेटिंगनुसार पाच मिनिटांपलीकडचा फरक चालत नाही. सर्व्हर की क्लाउड हा सगळा वाद त्या टेबलापाशी निरर्थक होता. दोन्ही पक्षांना हवी असलेली जमीन तिथे नव्हती. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनीही घड्याळं एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायला सांगितलं आहे, सायबर घटना सहा तासांत कळवायला सांगितलं आहे आणि नोंदी 180 दिवस जपायला सांगितलं आहे. सर्व्हरच्या नोंदीत एक वेळ आणि क्लाउडच्या नोंदीत दुसरी असेल, तर हल्ला आधी कुठे झाला हे सहा तासांत कोण सांगणार?

खर्चाचा मुद्दा मी टाळत नाही. परवान्यांना दरवर्षी पैसे लागतात आणि लहान संस्थेला ते जड जातात. पण यादी, सेल, प्रत्येक कर्मचाऱ्याला स्वतःचं खातं, नोकरी सोडून गेलेल्याचं खातं त्याच दिवशी बंद करणं, किल्ल्या दोन ठिकाणी ठेवणं या कामांना परवाना लागत नाही. त्यांना एक माणूस लागतो, ज्याच्या नेमणूक आदेशात हे काम लिहिलेलं आहे. आज बहुतेक ठिकाणी ते वार्षिक करारावरच्या हार्डवेअरवाल्याच्या भरवशावर चालतं. तो पोरगा चांगला असतो, फोन केला की येतो, पण सरकपट्टी कुणाकडे सरकवायची हे ठरवण्याचा अधिकार त्याला कुणी दिलेला नसतो आणि देऊही नये. तो निर्णय संचालक मंडळाचा आहे, ठरावात लिहिण्याचा आहे.

सहकारी संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरच्या आत होतात. अहवालात ठेवी, कर्ज, थकबाकी सगळं असतं. सभासदांनी या वर्षी उभं राहून तीन गोष्टी मागाव्यात : प्रत्येक संगणकाची अनुक्रमांकासह यादी, अपडेट आणि संरक्षण कोणत्या साधनाकडे दिलंय त्याचा ठराव, आणि रिकव्हरी किल्ल्या कोणत्या दोन ठिकाणी आहेत त्याचं उत्तर. ज्या संचालक मंडळाला यातलं एकही देता येणार नाही, त्याने पुढच्या सर्व्हरच्या किंवा क्लाउडच्या खरेदीचा प्रस्ताव त्या सभेपुढे आणू नये.