जहाजातून आलेली पाने

पुस्तकात पिंपळपान ठेवण्याचा नाद लहानपणी आपल्यापैकी पुष्कळांना लागतो आणि यथाकाल सुटतो. लंडनच्या जेम्स पेटिव्हरला मात्र तो जन्मभर सुटला नाही. अल्डर्सगेट स्ट्रीटवर त्याचे औषधांचे दुकान होते. १६९५ साली तो रॉयल सोसायटीचा सभासद झाला. साऱ्या जगातली झाडेपाने त्याला हवी होती. पण दुकान टाकून जाणार कसे?

गृहस्थाने युक्ती काढली. परदेशी निघालेल्या जहाजांचे कप्तान आणि डॉक्टर गाठून तो त्यांच्या हाती छापील सूचनांचा कागद देई. फांदी घ्यावी ती फुलाफळासकट. तपकिरी कागदात किंवा पुस्तकात दाबून वाळवावी. लहानसहान प्राणी रममध्ये किंवा ब्रँडीत बुडवून आणावेत. बदल्यात औषधे, पुस्तके आणि शिवाय छापील यादीत आभारपूर्वक नाव! कोणी विसरलाच, तर पेटिव्हरच्या पत्रांचा तगादा पाठीशी असेच.

हे वाचताना मला मोठी मौज वाटली. कोकणात निघालेल्या शेजाऱ्याला आपण ‘येताना थोडी आमसुले आणा हो’ म्हणून सांगतो, तसलाच हा प्रकार! पण मग मनात आले, ही जहाजे जात होती तरी कशासाठी?

उत्तर वाचून मौज पार मावळली. त्यांतली पुष्कळ जहाजे गुलामांच्या व्यापारातली होती. इंग्लंडचा माल घेऊन ती पश्चिम आफ्रिकेला जात, तिथे माणसे विकत घेत, ती अमेरिकेकडच्या बेटांवर विकत आणि साखर वगैरे भरून परतत. माणसांचा भरणा पुरा होईपर्यंत जहाज किनाऱ्याशी महिनेन्‌महिने नांगरून पडे. त्या सवडीत पेटिव्हरची पाने गोळा होत. एकदोन गुलामांनाच हे काम शिकवून ठेवावे, असेही तो सुचवी. १७१३ मध्ये स्पॅनिश वसाहतींना गुलाम पुरवण्याचा मक्ता इंग्लंडला मिळाला, तेव्हा एरवी बंद असलेल्या तिथल्या बंदरांतूनही त्याला वनस्पती मिळू लागल्या.

पेटिव्हर १७१८ साली वारला. त्याचा संग्रह हॅन्स स्लोन यांनी घेतला. स्लोन यांच्या संग्रहावर १७५३ साली ब्रिटिश म्युझियमची स्थापना झाली. पेटिव्हरची पाने आता लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहेत, आणि अभ्यासकांना आजही उपयोगी पडतात.

ती पाने फेकून द्यावीत, असे मी म्हणणार नाही. त्यांत शिकण्यासारखे पुष्कळ आहे. पण लसणासारख्या वासाच्या एका अमेरिकन झाडाला ‘पेटिव्हेरिया’ हे नाव मिळाले. कप्तानांची नावे यादीत छापून आली. आणि त्याच जहाजांच्या पोटात साखळदंडांत पडलेली माणसे हिशेबाच्या वहीत नुसती नग म्हणून राहिली. त्यांच्यापैकी कोणी एखादी फांदी तोडून आणली असेल, तर तिच्या चिठ्ठीवर त्याचे नाव शोधायचे कुठे?

म्हणून वाचकहो, मुलांना घेऊन कधी एखादे वस्तुसंग्रहालय पाहायला गेलात, तर त्यांना वस्तूचे नाव जरूर वाचून दाखवा. पण ती तिथवर कोणाच्या हातून आली, हेही विचारायला शिकवा.