मजुरीत घासाघीस आणि विश्वास फुकट

जुनी डिझेल गाडी बाळगणाऱ्या माणसाला खान्देशात एक प्रश्न सतत सतावतो: विश्वासू मिस्त्री कुठे मिळेल? जळगाव, धुळे, चाळीसगाव, शिरपूर, कुठेही दोन गाडीवाले भेटले की बोलणं फिरून इथेच येतं. प्रश्न खरा आहे, पण आपण तो अर्धाच विचारतो. मिस्त्री विश्वासू हवा असेल तर गिऱ्हाईकही विश्वासू असावं लागतं. या दुसऱ्या अर्ध्याबद्दल आपण बोलत नाही, म्हणून हे लिहितो आहे.

माझ्याकडे १९९८ सालची टेम्पो ट्रॅव्हलर आहे. मागच्या सीट काढून त्यात दोन पलंग, पाण्याची टाकी आणि छोटा ओटा बसवला आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही, म्हणून आरटीओत त्याची रीतसर नोंद केली आहे. खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची, त्यानंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण आणि वर पर्यावरण कर. हे सगळं भरून जो माणूस जुनी गाडी ठेवतो, त्याला ती रस्त्यात बंद पडणं परवडत नाही. मुलंबाळं, म्हातारी माणसं आत असताना औट्रम घाटात ब्रेक सुटला किंवा मे महिन्यात भुसावळच्या उन्हात रेडिएटर उकळला, तर तो गंमतीचा किस्सा राहत नाही.

सुदैवाने या गाडीसाठी खान्देशासारखा मुलूख नाही. जुना सहा नंबरचा सुरत-नागपूर महामार्ग आणि जुना तीन नंबरचा मुंबई-आग्रा महामार्ग धुळ्यात एकमेकांना भेटतात. ट्रकांच्या या रहदारीवर इथली गॅरेजं वाढली. जळगावची अजिंठा चौफुली घ्या किंवा धुळ्याच्या बाहेरचे महामार्ग, लेथवाला, पंपवाला, रेडिएटरवाला, पाटेवाला सगळे हाकेच्या अंतरावर. ट्रॅव्हलर बनते ती इंदूरजवळच्या पिथमपूरला, म्हणजे त्याच आग्रा रोडच्या वरच्या अंगाला. तिचं जुनं इंजिन म्हणजे मर्सिडीजचं ओएम ६१६, चार सिलिंडरचं, २३९९ सीसीचं, बजाज टेम्पोने परवान्यावर इथे बनवलेलं. मॅटाडोरच्या नंतरच्या गाड्यांत आणि ट्रॅक्समध्येही हेच इंजिन होतं. त्यामुळे चाळिशी ओलांडलेल्या इथल्या बहुतेक मिस्त्रींच्या हाताखालून ते गेलेलं आहे.

या इंजिनात संगणक नाही. स्कॅनर लावून ते काही सांगत नाही. त्याचा आजार धुरावरून, आवाजावरून आणि हाताला लागणाऱ्या थरथरीवरून ओळखावा लागतो. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, निळा म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा म्हणजे डिझेल न जळता बाहेर पडतंय किंवा पाणी आत जातंय. हे ज्ञान ज्याच्याकडे आहे, त्याच्यावर आपल्याला डोळे झाकून अवलंबून राहावं लागतं, आणि फसवणुकीची जागाही तिथेच असते.

माझ्या गाडीने एकदा चढावर ओढ सोडली आणि मागून काळा धूर काढायला सुरुवात केली. एका गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून पाच मिनिटांत निकाल दिला: फुल इंजिन करावं लागेल. दुसऱ्या एका वयस्कर मिस्त्रींनी गाडी आधी गरम होऊ दिली. ऑइलचं झाकण काढून बॅक कॉम्प्रेशन किती आहे ते पाहिलं, एअर फिल्टर झटकून दाखवला, आणि चारही नोझल काढून मला पंपवाल्याकडे पाठवलं. दोन नोझल फवारा मारण्याऐवजी थेंब गाळत होते. नोझल, फिल्टर आणि टॅपेटची सेटिंग एवढ्यावर काम भागलं.

यातून मी काही कसोट्या ठरवल्या आहेत. चांगला मिस्त्री उघडण्याआधी तपासतो. कोणतं काम आत्ता गरजेचं नाही, हे तो स्वतःहून सांगतो. काढलेला जुना पार्ट न मागता समोर ठेवतो. पार्टचे पैसे आणि मजुरी वेगळी सांगतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे आपलं काम नाही ते नाही म्हणतो. पंप पंपवाल्याकडे, क्रँक लेथवर, हे ज्याला कमीपणाचं वाटत नाही, त्याच्या हाती किल्ली द्यायला हरकत नाही.

आता गिऱ्हाईकाकडे या. दुकानात आपण पार्टचे तीन हजार मुकाट मोजतो, कारण डब्यावर किंमत छापलेली असते. मिस्त्रीने दोन दिवस खाली झोपून केलेल्या कामाची मजुरी सांगितली, की तिथे मात्र दोनशे रुपयांसाठी वाद घालतो. मग तो काय करतो? पार्टवाल्याकडून कमिशन घेतो. कमिशन मिळायचं तर पार्ट खपायला हवा, पार्ट खपायचा तर बदलायला हवा. ज्या इंजिनाला नोझल पुरला असता, त्याला मग पिस्टन-लायनर लागतात. याला मी चांगलं म्हणत नाही; फसवणूक ती फसवणूकच. पण मजुरीत वाचवलेले दोनशे पार्टमध्ये दहापट होऊन जातात, आणि या व्यवहाराची पायाभरणी आपणच करतो.

या धंद्याचं आणखी एक वास्तव नोंदवायला हवं. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने मुस्लिम कामगारांचा वाटा ज्या कामांत मोठा दाखवला, त्यांत वाहन दुरुस्ती होती. खान्देशात हे सांगायला अहवालाची गरज नाही, चौफुलीवर उभं राहिलं की दिसतं. गंमत अशी, की ज्या मिस्त्रीला एखाद्या वसाहतीत भाड्याने घर मिळताना अडचण येते, त्याच मिस्त्रीने बसवलेल्या ब्रेकवर विसंबून त्याच वसाहतीतलं कुटुंब घाट उतरतं. कामातला विश्वास इतका जुना आणि इतका रोजचा आहे, की त्याची कुणी दखलही घेत नाही. तो टिकवायचा असेल तर दोन्ही बाजूंनी तो उघड बोलला पाहिजे.

गॅरेजवाल्यांनाही दोन गोष्टी सांगायच्या आहेत. एक म्हणजे बिल. साध्या वहीच्या पानावर तारीख, किलोमीटर, केलेलं काम, पार्ट आणि मजुरी लिहून दिली, तरी गिऱ्हाईकाचा निम्मा संशय जातो. तोंडी हिशेबात खरा माणूसही खोटा ठरतो. दुसरी गोष्ट म्हणजे 'छोटू'. १४ वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवणं २०१६ च्या दुरुस्तीनंतर सगळ्याच धंद्यांत बंद आहे. 'आम्हीही असेच शिकलो' हे उत्तर आता पुरेसं नाही. मुलगा दहावी होऊ द्या. मग आयटीआयचा डिझेल मेकॅनिकचा कोर्स एका वर्षाचा आहे. तो करून आलेला शागिर्द उस्तादाच्या हाताखाली जास्त लवकर तयार होईल.

सरकारकडे काही मागायचं तर एवढंच. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. अशा गाड्या रस्त्यावर येणार असतील, तर त्या दुरुस्त करणारे हातही मोजा. एप्रिल २०२० पासून नव्या गाड्या बीएस-६ झाल्या, सेन्सर आणि संगणकावर चालू लागल्या. मेकॅनिकल पंपाचं काम जाणणारी पिढी आता साठीकडे झुकली आहे आणि त्यांची मुलं या धंद्यात यायला तयार नाहीत. या उस्तादांना आयटीआयत आठवड्यातून एक दिवस शिकवायला बोलवा. त्यांच्याकडे कागद नाही, म्हणून त्यांचं ज्ञान कच्चं ठरत नाही.

तोपर्यंत आपल्या हातात जे आहे ते करू. मजुरी आधी विचारा, पटली तर घासाघीस न करता द्या, बिल मागा, जुना पार्ट पाहा, आणि काम चांगलं झालं तर चार जणांना त्या मिस्त्रीचं नाव सांगा. वाईट कामाची बोंब आपण गावभर करतोच.