पाण्याने आखलेली वाट

कड्याच्या पोटातून जाणारी वाट सात किलोमीटर जवळपास सपाट असेल, तर खुशाल समजावं की ती माणसांसाठी काढलेली नाही. अमेरिकेत नेवाडा राज्याच्या हद्दीत, लेक टाहोच्या पूर्वेच्या डोंगरावर अशी एक वाट आहे. फ्लूम ट्रेल. डाव्या हाताला तळं, साडेचारशे मीटर खाली. उजव्या हाताला ग्रॅनाइटचा कडा. मधे रेताड पट्टी, कुठे ऐसपैस, कुठे जेमतेम हँडल निघेल एवढीच. माउंटन बाइकवाल्यांमध्ये तिचं नाव फार मोठं आहे. गंमत अशी, की ती खोदली गेली तेव्हा माउंटन बाइक जन्माला यायला शंभरेक वर्षं अवकाश होता.

या डोंगरापलीकडे १८५९ साली कॉमस्टॉकची चांदी सापडली आणि व्हर्जिनिया सिटी नावाचं गाव रातोरात फुगलं. चांदी उदंड, पण प्यायला धड पाणी नाही. हर्मन शुसलर नावाच्या इंजिनिअरने १८७३मध्ये या डोंगरातलं पाणी लोखंडी नळातून दरीत उतरवून पलीकडच्या डोंगरावर चढवलं. पंप नाही, काही नाही. वरच्या पाण्याचा दाबच खालचं पाणी ढकलत राही. तहान वाढली तसं मार्लेट तळ्याचंही पाणी हवं झालं. ते आणायला कड्याच्या कडेने फळ्यांचा पाट बांधला, तोच फ्लूम, आणि डोंगराला आरपार भोक पाडून १८७७पर्यंत ते पलीकडे नेलं. उघड्या पाटातल्या पाण्याला चढ चालत नाही, आणि फार उतारही देऊन भागत नाही; ते पाट फोडून निघून जातं. म्हणून वाट अशी सपाट. फळ्या कधीच्या गेल्या, पाटाची बैठक तेवढी उरली. १९८०च्या दशकात सायकलवाल्यांनी ती साफसूफ केली.

पुण्याच्या माणसाला यात नवल वाटू नये. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातलं पाणी नुसत्या उताराच्या जोरावर शनिवारवाड्यापर्यंत आलंच होतं. फरक इतकाच, की कात्रजचा नळ जमिनीखालून येतो आणि त्याच्या उच्छ्वासांवर, म्हणजे हवेसाठी ठेवलेल्या तोंडांवर, आपण घरं बांधून मोकळे झालो.

माझा भाचा सॅन होजेला असतो. ऑक्टोबरात मी त्याच्याकडे गेले होते, तेव्हा त्याने ही सफर ठरवून टाकली. मी पुण्यात आयुष्यभर सायकल चालवलेली बाई, कुणी सायकलवरून डिवचलं की मागे हटत नाही. सायकली भाड्याच्या घेतल्या. पुढे-मागे सस्पेन्शन, डिस्क ब्रेक, आणि उतारावर सीट खाली घ्यायला हँडलला एक खटका. तो खटका मला इतका आवडला की सपाटीवरही मी तो उगाच दाबत होते.

सुरुवात स्पूनर लेकपासून. तिथून आठ किलोमीटर चढ. आता, कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर उंच. इथे टाहोचं पाणीच १,८९७ मीटरवर, आणि चढ सुरू होतो तो त्याच्याही दोनेकशे मीटर वर. पुण्यात ऑक्टोबर म्हणजे घामाच्या धारा. इथे सकाळी बोटं वाकत नव्हती आणि छाती मात्र भात्यासारखी चाललेली. भाचा पुढे जाऊन थांबायचा, मी पोचले की लगेच निघायचा. त्यामुळे विश्रांती काय ती त्यालाच मिळत होती.

पण हा चढ जातो ती दरी म्हणजे नुसतं सोनं. दोन्ही बाजूंना अ‍ॅस्पेनची झाडं, पांढऱ्या बुंध्यांची, आणि सगळी पानं पिवळीधमक. थंडी पडू लागली की पानातलं हरितद्रव्य संपत जातं आणि खालचा पिवळा, जो उन्हाळाभर तिथेच असतो, तो दिसायला लागतो. वारा जाणवतही नव्हता तरी पानं सळसळत होती. एक तोडून पाहिलं, तर देठ चपटा, पानाच्या पातळीला काटकोनात. त्यामुळे जराशा झुळकीनेही ते लटपटतं. आपल्या पिंपळाचं पान असंच, फक्त त्याचा देठ गोल आणि लांब.

काही बुंध्यांवर अक्षरं होती. शंभरेक वर्षांपूर्वी इथे मेंढ्या चारणारे बास्क मेंढपाळ, स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरून आलेले, उन्हाळाभर एकटे. ते चाकूच्या टोकाने सालीवर अगदी बारीक ओरखडा काढत. तेव्हा तो दिसतही नसे. झाड वाढेल तसा तो काळा होऊन फुगत जाई. म्हणजे लिहिणाऱ्याला स्वतःचं अक्षर वाचायला वर्षं जायची. नावं, सालं, क्वचित एखादी बाई. अ‍ॅस्पेन फार जगत नाही, त्यामुळे ही अक्षरंही आता झाडांबरोबर कोसळताहेत. एरवी झाडांवर नावं कोरणाऱ्यांचा मला भयंकर राग येतो. या मेंढक्यांवर मात्र चिडता येईना.

मोठी झाडं इथे फारशी का नाहीत, असं भाच्याने विचारलं. त्याचं उत्तरही चांदीतच आहे. खाणींना आधाराचं लाकूड याच डोंगरांनी पुरवलं आणि टाहोचा काठ बोडका होत गेला. आज दिसतं ते बरंचसं नंतर उगवलेलं रान. १८६१ साली लाकडाच्या वाट्यावर हक्क सांगायला मार्क ट्वेनही इथे आला होता. त्याच्या शेकोटीने रान पेटलं, हे त्याने ‘रफिंग इट’मध्ये स्वतःच लिहून ठेवलंय. जेफ्री पाइनच्या सालीच्या भेगेत नाक खुपसलं तर व्हॅनिलाचा वास येतो, हे मात्र भाच्याने दाखवलं. आम्ही दोघं झाडाला नाक लावून उभे असताना मागून आलेले सायकलवाले जरा बाजूनेच गेले.

मार्लेटच्या बांधापासून खरी वाट सुरू होते. सायकलींना इथे एकाच दिशेने जाऊ देतात, कारण समोरून कोणी आलं तर बाजूला व्हायला जागाच नाही. “मावशी, खाली बघू नकोस. वाटेकडे बघ,” भाच्याने बजावलं. सायकलचं शास्त्रच आहे: नजर जाईल तिकडे चाक जातं. दगड चुकवायचा म्हणून दगडाकडे पाहिलं की नेमके त्याच्यावरच जाऊन आदळतो. दगडाच्या जागी साडेचारशे मीटरची पोकळी असेल तर हा नियम आपोआप पाळला जातो. म्हणजे जगातल्या एका देखण्या तळ्याच्या डोक्यावरून मी चालले होते आणि मला दिसत होतं ते पुढचं चाक आणि त्यापुढची रेती. दरड पडलेल्या जागी सायकल हातात धरून दगड ओलांडले. तेवढ्याच काय त्या सवडी.

त्या सवडींत पाहिलं. काठावरच्या सँड हार्बरजवळ पाणी इतकं नितळ, की तळचे धोंडे इतक्या उंचीवरून मोजावेत. जरा आत गेलं की एकदम गर्द निळं. सर्वांत खोल जागी हे तळं पाचशे मीटर आहे. यातला एक थेंबही समुद्राला मिळत नाही. बाहेर पडणारी एकुलती एक ट्रकी नदी वाळवंटातल्या पिरॅमिड लेकमध्ये जाऊन संपते. चांदी तर केव्हाच संपली, पण व्हर्जिनिया सिटीच्या नळांना आजही याच डोंगराचं पाणी येतं.

शेवटचा टनेल क्रीकचा उतार म्हणजे भुसभुशीत रेती. पुढचा ब्रेक जोरात दाबायची सोय नाही. खाली पोचेपर्यंत मनगटं बधिर.

भाच्याच्या हेल्मेटवर कॅमेरा होता. रात्री त्याने चित्रीकरण लावलं. कॅमेऱ्यानेही तेच पाहिलं होतं जे त्याने पाहिलं: चाक, रेती, चाक, रेती, आणि मागून अधूनमधून माझं “अरे देवा”. आवाज काढून टाकतो म्हणाला. मी म्हटलं, राहू दे. त्याने तसंच घरच्या ग्रुपवर टाकलं. पाचच मिनिटांत सदाशिव पेठेतून ताईचं उत्तर आलं: “छान. पण तळं कुठंय?”