दर गुरुवारी एक खुर्ची

आपल्या महाविद्यालयातील राष्ट्रीय सेवा योजनेचे युनिट वर्षातून एकदा वृद्धाश्रमात जाते. आम्ही फळे वाटतो, गाणी म्हणतो, फोटो काढतो आणि चारच्या एस.टी.ने परततो. या उपक्रमाला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. पण त्या दिवशी भेटलेल्यांपैकी एकाचे तरी नाव आज आपल्याला सांगता येईल काय?

ही योजना १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झाली. स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास काम करायचे. बंधारा घालायचा किंवा झाडे लावायची, तर तासांचा हिशेब ठीक आहे. सोबत मात्र तासांत मोजली की बिघडते. हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगतो आहे.

गेल्या वर्षी आमच्या आळीतील एका निवृत्त पोस्टमास्तरांकडे मी दर गुरुवारी संध्याकाळी जाऊ लागलो. मुले परगावी. पैशांची ददात नाही, फोनही येतात. पण ‘आज पावसाने झोडपले रे’ एवढे म्हणायला घरात माणूस नाही. मी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायला गेलो होतो. ते त्यांनी सकाळीच वाचलेले! उलट त्यांनीच मला बुद्धिबळ शिकवायला घेतले. तारवाला सायकलवरून दिसला की वाडाच्या वाडा कसा गप्प होई, हेही सांगितले. (२०१३ साली तार बंद झाली; आमच्या पिढीने ती पाहिलीच नाही.)

मग परीक्षा आली. पाच आठवडे मी फिरकलो नाही, निरोपही दिला नाही. नंतर शेजारच्या काकूंकडून कळले, की मास्तर दर गुरुवारी पाच वाजता दुसरी खुर्ची ओसरीवर मांडत आणि सातला आत नेत. मला मात्र ते एवढेच म्हणाले, “पेपर कसे गेले?” रागावले असते तर बरे वाटले असते.

२००७ च्या कायद्याने वृद्ध आईवडिलांना मुलांकडून निर्वाहभत्ता मागता येतो. सोबत कोणत्या न्यायाधिकरणाकडे मागायची? २०११ च्या जनगणनेतच साठीपुढील माणसे दहा कोटींहून अधिक होती. आमचे एक सर विचारतात, “घरच्या आजीशी तरी बोलता का?” टोला योग्य आहे, पण म्हणून शेजारच्या आजोबांकडे जाऊच नये, असे नाही.

माझी सूचना साधी आहे. एका घरी दोघांनी जावे, म्हणजे एकाला अडचण आली तर दुसरा जाईल. परीक्षेचे दिवस आधीच सांगून ठेवावेत. महाविद्यालय सोडताना मागच्या वर्गातील कोणाला तरी नेऊन ओळख करून द्यावी. आणि फोटो नको.

पुढच्या वर्षी मी तृतीय वर्षाला असेन. गुरुवारी माझ्याबरोबर यायला कोणीतरी हवे आहे. बुद्धिबळ येत नसले तरी चालेल. मास्तरांकडून मी अजून एकही डाव जिंकलेला नाही.