फावल्या वेळी : सांगाड्यावरची दिवाळीभेट

दिवाळी जवळ आली की बाजार भेटवस्तूंनी फुलून जातो आणि घरोघरी एकच प्रश्न निघतो : यंदा कोणाला काय द्यावे? विकत आणलेल्या वस्तूत उणे असे काही नसते. परंतु जी वस्तू घेणाऱ्याच्या हाताचे माप घेऊन घडविली, तिची सर विकतच्या वस्तूला येत नाही. अशाच एका भेटीचा विचार आज करू. ही भेट आहे लाकूड कातण्याच्या सांगाड्यावर, म्हणजेच लेथवर, नवशिक्याने स्वतः तयार केलेली.

सांगाडा आपल्याकडे नवा नाही. वाड्यांचे कातीव खांब, पाळण्यांचे कठडे, पांगुळगाड्यांची चाके, हळदीकुंकवाचे करंडे ही सारी कातारी मंडळींची कामगिरी. सावंतवाडीची चितारआळी, कर्नाटकातील चन्नपट्टण आणि आंध्र प्रदेशातील एटिकोप्पाका ही ठिकाणे रंगीत लाकडी वस्तूंसाठी देशभर ओळखली जातात. चन्नपट्टण व एटिकोप्पाका येथील कारागीर काळ्या कुड्याचे फिकट, बारीक पोताचे लाकूड वापरीत आले आहेत. फिरत्या लाकडावर लाखेची रंगीत कांडी दाबून धरली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते व लाकडावर बसते. मग केवड्याच्या वाळलेल्या पानाने ती सारखी करतात आणि वस्तू चकाकू लागते.

ही चकाकी पाहून नवशिक्याच्या मनात प्रथम करंडाच येतो. तो मोह आवरावा. करंडा आतून पोखरावा लागतो, आणि पोखरताना हत्यार लाकडात अडकून झटका देण्याचा संभव फार. शिवाय लाकडात थोडी ओल राहिली असेल, तर आज नेमके बसणारे झाकण महिन्याने बसत नाही. म्हणून पहिल्या वर्षी करंडा नको, लाटणे करावे.

लाटण्याचे नाव ऐकून कोणी हसेल. पण घरात दुसरी कोणती वस्तू दिवसातून दोन वेळा हातात येते? लाटणे साधे असते, म्हणूनच ते कठीणही असते. नक्षीखाली झाकलेला दोष वर्षानुवर्षे झाकलेला राहील. लाटण्यातला दोष मात्र पहिल्याच पोळीवर उमटतो.

काम सुरू करण्यापूर्वी माप घ्यावे. घरात रोज पोळ्या लाटणारी व्यक्ती आई असो, वहिनी असो वा वडील असोत, तिच्या हाताखालचे जुने लाटणे नीट पाहावे. दोन्ही तळवे कोठे टेकतात, बोटे मिटतात की उघडी राहतात, पोळपाट केवढा आहे, हे टिपून ठेवावे. प्रांताप्रांतांची रीतही वेगळी असते. गुजरातेतील वेलण सडपातळ व टोकांकडे निमुळते. उत्तरेकडील बेलनाला बहुधा दोन्ही बाजूंस मुठी असतात. आपण बडोद्यास राहत असाल किंवा इंदुरास, शेजारच्या स्वयंपाकघरातही एकदा डोकावून पाहावे. सामान्यतः ३५ सेंटिमीटर लांबी आणि मध्यभागी ३.५ सेंटिमीटर जाडी सोयीची पडते. परंतु अखेरचा शब्द त्या हाताचा.

लाकूड पूर्ण वाळलेले, गाठ व चीर नसलेले निवडावे. सरावासाठी आंब्याचे दोनतीन तुकडे घ्यावे आणि भेटीसाठी बाभळीचा. कण्हेरीचे लाकूड विषारी असल्याने स्वयंपाकाच्या वस्तूसाठी ते कधीही वापरू नये. तुकडा ४० सेंटिमीटर लांब व ४.५ सेंटिमीटर चौरस असावा, म्हणजे टोकांकडचा भाग शेवटी कापून टाकता येतो.

सांगाडा विकत घेण्याची घाई करू नये. जवळच्या कातारीकडे किंवा सुतारकामाच्या कारखान्यात विनंती करावी आणि पहिले काही दिवस जाणत्याच्या देखरेखीखालीच काम करावे. उभे राहण्यापूर्वी ओढणी, पदर, सैल बाह्या, बांगड्या, अंगठी आणि गळ्यातील साखळी यांचा बंदोबस्त करावा. केस घट्ट बांधावे. हातमोजे घालू नयेत, कारण फिरते लाकूड मोज्यासकट हात ओढून घेते. चेहऱ्यावर पारदर्शक ढाल व नाकातोंडावर धूळ अडविणारा मुखपट्टा असावा.

आता प्रत्यक्ष काम. तुकड्याच्या दोन्ही टोकांवर कर्णरेषा आखल्या की त्या छेदतात तो मध्यबिंदू. तेथे खूण करून तुकडा दोन टोकांमध्ये घट्ट आवळावा. हत्यार टेकविण्याचा आधार लाकडापासून सुमारे ३ मिलिमीटर अंतरावर ठेवावा आणि लाकूड हातानेच एक फेरा फिरवून ते कोठे अडत नाही ना, याची खात्री करावी. सांगाडा सुरू करताना स्वतः बाजूला उभे राहावे. चौकोनी तुकडा गोल करताना मिनिटाला ८०० ते १००० फेरे पुरेत.

हत्यार प्रथम आधारावर टेकवावे, नंतरच लाकडाला लावावे. हा क्रम कधीही उलटू नये. गोल पटाशीने कोपरे उडवून तुकड्याचा दंडगोल करावा. मग कॅलिपरने जाडी तपासत ठिकठिकाणी खुणा पाडाव्या. निमुळता भाग कातताना हत्यार नेहमी जाड भागाकडून बारीक भागाकडे न्यावे, म्हणजे लाकडाचे तंतू उचकटत नाहीत. जोर लावावा लागला, की धार गेली असे समजावे व सांगाडा थांबवून धार लावावी. बोथट हत्यार धारदार हत्यारापेक्षा अधिक घातक असते.

आकार आला की आधार दूर सारून काचकागदाने घासावे. त्यासाठी चिंधी बोटाला गुंडाळून फिरत्या लाकडाजवळ नेऊ नये. शेवटचा हात सांगाडा थांबवून, लाकडाच्या लांबीच्या दिशेने फिरवावा. मग टोके करवतीने कापून गुळगुळीत करावी आणि लाटणे सपाट मेजावर हळूच ढकलून द्यावे. ते सरळ घरंगळले तर उत्तम. डगमगले तर कोठेतरी उंचवटा आहे. चीर दिसली तर मात्र ते लाटणे सरावाच्या तुकड्यांत ठेवावे, भेटीत नव्हे.

लाटण्याला रंग व रोगण नको. जवसाच्या कच्च्या तेलाचा अगदी पातळ हात द्यावा, जादा तेल पुसून घ्यावे आणि काही दिवस वाळू द्यावे. असे तीनदा करावे. तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून टाकू नये. त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. उघड्यावर पसरून वाळवाव्या. हे तेल सावकाश सुकते. म्हणून गणेशविसर्जन झाले की कामास लागावे. धनत्रयोदशीला सुरुवात करून पाडव्याला भेट देता येणार नाही.

वाचकहो, या खटाटोपात आणखी एक लाभ आहे. एक सरळ लाटणे कातण्यासाठी तीन तुकडे ज्याने वाया घालविले, तो कातारीच्या दुकानापुढे उभा राहिला की त्याला किंमत निराळी दिसू लागते. तेथे मांडलेल्या भोवऱ्यामागे आणि करंड्यामागे किती वर्षांचा हात आहे, हे त्याला सांगावे लागत नाही. मग घासाघीस करण्यास त्याची जीभ वळत नाही. स्वस्त प्लास्टिकच्या खेळण्यांपुढे टिकून राहण्यासाठी या कारागिरांना सहानुभूतीपेक्षा असा जाणता गिऱ्हाईक अधिक हवा आहे.

भाऊबीजेला बहिणीच्या हाती लाटणे ठेवताना फार बोलू नये. कौतुकाचे शब्द त्या दिवशी मिळतीलच; त्यांवर विसंबू नये. महिन्याभराने तिच्या स्वयंपाकघरात जावे आणि पाहावे : जुने लाटणे मागे पडून नवे पोळपाटावर आले असेल, तर भेट पोहोचली.